धुऱ्यावर गेलेली जोडी

बपेरा, ८ डिसेंबर २०२५

अमरदादा,

पत्र पाहून हसशीन. हस बापा. माहा नंबर तू ब्लॉक केला, आईचा केला, मी काम करतो त्या चंदाताईच्या ऑनलाइन सेंटरवरून लावला तं तोही केला. आता पोस्टमनले ब्लॉक करून दाखव. हैदराबादचा पत्ता तुह्या जुन्या रूममेटनं देल्ला. त्याच्यावर रागावू नको, मीच लय पाठीमागं लागली होती.

भांडाले लिहून राहिली नाही. कामाचं आहे. आपला गेम मले यंदाच्या पटाच्या आधी लोकाइच्या हातात द्याचा आहे.

थांब, कागद फाडू नको. पुरं वाच.

आपण तो कायले सुरू केला, आठवते ना? शंकरपटावर, बैलाइच्या शर्यतीवर, बंदी होती. बाबा रोज लाखा अन् बादलले धुवे, शिंगाइले तेल लावे, अन् बैल पळवाले पटच नाही म्हणून संध्याकाळी कोठ्यासमोर बाज टाकून नुसता बसून राहे. तू म्हटलं, "रंजे, बाबाले आपण घरातल्या घरात पट भरवून देऊ." कोड तू लिहिलं, चित्रं मी काढली. लाखाचं वाकडं शिंग जमवता जमवता माहा जीव गेला. खऱ्या पटात माईकवर बोलणाऱ्या भैय्यालालकाकाले आपण छपरीत बसवलं अन् मोबाईलवर आवाज भरून घेतला. काका एवढे रंगात आले का शेजारची सत्यभामाबाई कोणाची जोडी सुटली म्हणून पाहाले आली होती!

मंग बंदी उठली, खरा पट आला, अन् गेम बाबाले दाखवाच्या आधीच तुमचं दोघाइचं बिनसलं.

त्या दिवसाचं मी काही लिहिणार नव्हती. पण ते लिहिल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. जोडी बाबाची, पण छकड्यावर धुरकरी तू होता, कासरा तुह्या हातात. लाखा पायात लचकून राहिला हे तुले दिसलं, लांब उभ्या बाबाले नाही दिसलं. शेवटचा झेंडा हातभर राहिला अन् तू कासरा ओढून जोडी पटाबाहेर काढली, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर नेऊन उभी केली. जिंकत आलेली जोडी! बाबानं सगळ्या पटासमोर तुह्या कानाखाली काढली. तू म्हटलं, "या घरात एक तं हे बैल राहतीन, नाही तं मी." बाबा म्हणे, "मंग जाय." एक सांगते न् दुसरा ऐकते असं आपल्या घरात कधी झालं का? लाखाचा पाय पुढं कितीतरी दिवस सुजून होता. बाबानं तो रोज शेकला, पण तोंडातून एक शब्द काढला नाही.

तं गेम. मले माहीत आहे तो अर्धवट आहे. पब्लिक फक्त डाव्या बाजूले उभी आहे, उजवी बाजू रिकामी. धुराळा उडते तो निळा उडते. तू नेहमी म्हणे, "कच्चा भात वाढू नये, एकदा लोकाइनं तोंड वाकडं केलं का पुन्हा त्या ताटावर बसत नाहीत." पण दादा, यंदाचा पट जानेवारीत आहे. सारा तालुका इथं जमते, बालाघाटकडचे लोक येतात. पट झाल्यावर गेम काढणं म्हणजे वरातीमागून घोडं.

तू ठेवून गेला त्या लॅपटॉपमध्ये तुही शेवटची फाइल आहे. मोबाईलवर चालणारी पण तूच बनवून ठेवली आहे. मी फक्त ती ग्रुपवर टाकाची. पण काम तुहं आहे, तुले इचारल्याशिवाय कशी टाकू?

हो म्हण, नाही म्हण, शिव्या दे. पण काहीतरी लिही.

रंजू


बपेरा, २७ डिसेंबर २०२५

दादा,

पोस्टमन आता मले पाहून लांबूनच मान हलवते. त्या बिचाऱ्याले वाटते माहं कुठं लग्नाचं अडून राहिलं.

उत्तर नाही म्हणजे नाही असं तू समजत असशीन. मी तसं नाही समजत. तुले खरंच नको असता तं तू दोन ओळी खरडल्या असत्या, तू नाही म्हणाले कधी आळस करत नाही.

चंदाताई म्हणते, "टाक वं, फुकट भेटलं का पोट्टे काहीही खेळतात." आईचं एकच, "अमरले इचार." दिवसातून चारदा अमरले इचार, अमरले इचार. शेवटी मी कंटाळून सांगतलं का तुहं पत्र आलं, तू हो म्हटलं. अगाई, तिचं तोंड पाहाले पाह्यजे होतं! "अजून काय लिहिलं? जेवते का बरोबर? मले काही लिहिलं का?" मी म्हटलं, तुले नमस्कार लिहिला. ती जाऊन देवापाशी दिवा लावून आली. आता हे खोटं परत कसं घेऊ, तूच सांग.

बाबाले काही सांगतलं नाही. यंदा तो जोडी उतरवणार नाही, लाखाचं वय झालं म्हणते. पटाले नुसता पाहाले जाईन. त्याच्या त्या बटनाच्या फोनात गेम चालतही नाही. पट झाल्यावर निवांत त्याले माह्या फोनवर दाखवीन, असं ठरवलं आहे.

मी सगळ्या जोड्या पळवून पाह्यल्या. सगळं ठीक चालून राहिलं. तू काळजी नको करू.

संक्रांतीच्या आधी टाकून राहिली. शिजेपर्यंत दम धरवते, निवेपर्यंत नाही धरवत, हे माह्यासाठीच कोणी म्हणून ठेवलं असंन.

रंजू


बपेरा, ८ जानेवारी २०२६

दादा! दादा! दादा!

टाकला. पटाच्या ग्रुपवर टाकला, अन् चहा गाळेपर्यंत तो सिहोऱ्याच्या ग्रुपवर गेला होता. काल तुमसरच्या एसटीत माह्या मागच्या सीटवर दोन पोट्टे खेळत होते, "अबे हाक ना, हाक ना!" मी पुढं बसून एकटीच हसून राहिली, कंडक्टरले वाटलं पोरगी वेडी आहे. भैय्यालालकाका तं पानठेल्यावर सही द्याचे बाकी राहिले. "माहा आवाज आता बालाघाटात वाजते," म्हणून सगळ्याइले सांगत फिरतात. निळ्या धुराळ्यावर कोणी काही बोललं नाही. एकानं तं म्हटलं, "रंगीत धुराळा, काय डोकं लावलं बे!" घे.

सगळे इचारतात कोणं बनवला. मी सांगतो, अमरदादानं. माहं नाव चित्रापुरतं. तुहं नाव या गावात दोन वर्षानं असं सरळ तोंडानं निघालं, मले ते ऐकूनच कसं तरी होते.

एक छोटी गोठ आहे. छोटीशीच.

बाबाची जोडी शेवटच्या झेंड्यापाशी उजवीकडे वळते अन् धुऱ्यावर जाऊन उभी राहते. कोणीही पळवो, कशीही पळवो, दर वेळेस. बाकी कोणाची जोडी वळत नाही. आपण काकाच्या आवाजात ते वाक्य प्रत्येक मालकाचं नाव घालून भरलं होतं ना? ते आता फक्त बाबाच्या नावाचंच वाजते. "गेली, गेली, गेली, भोजराजची जोडी धुऱ्यावर गेली!"

पोट्ट्याइले त्याचीच मजा वाटून राहिली. मुद्दाम बाबाचीच जोडी निवडतात, नुसतं ते वाक्य ऐकाले.

हे कसं बंद कराचं तेवढं दोन ओळीत लिहून पाठव. फाइलचं नाव लिही, ओळ लिही, मी करीन. बाबाले अजून माहीत नाही. लवकर लिही दादा.

रंजू


भंडारा, २२ जानेवारी २०२६

दादा,

सरकारी दवाखान्यातून लिहून राहिली. घाबरू नको, बाबा बोलते-चालते आहे, म्हणजे बोलते, चालाचं सध्या नाही. मांडीचं हाड मोडलं. रॉड टाकला. डॉक्टर म्हणते जुळून येईन.

आता सगळं लिहितो. काही ठेवत नाही.

बाबा पानठेल्यावर गेला तं पोट्टे ओरडले, "धुऱ्यावर गेली!" त्याले काही समजलं नाही. चक्कीवर गेला, तिथंही तेच. त्याले वाटलं आपला बैल सुटला, तो पळत घरी आला कोठा पाहाले. दोघंही बैल खुट्ट्याले बांधलेले, तनस खाऊन राहिले होते. मंग एकानं त्याले फोनवर दाखवलं. दाखवणाऱ्याच्या मनात काही नव्हतं ग, सॉरी, तुले ग म्हटलं, मी आईसंग बोलता बोलता लिहून राहिली. त्या पोराले वाटलं भोजराजभाऊ हसतीन.

घरी येऊन बाबा मले म्हणे, "हे अमरनं बनवलं?"

मी हो म्हटलं.

"अन् तुले माहीत होतं?"

मी त्याच्या हातात पाणी देल्लं. बाबानं पाण्याचा गिलास खाली ठेवला अन् कोठ्यात जाऊन बसला. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन पटात जोडीचं नाव लिहून आला, अन् धुरकरी म्हणून स्वतःचं. या वयात! आई पाया पडली त्याच्या. "लोकाइले बोलू द्या, तुम्ही कायले मनावर घेता?" बाबा म्हणे, "लोकाइचं कोण बोलून राहिलं? माह्या पोरानं लिहून ठेवलं का माही जोडी धुऱ्यावर जाते. जाते का नाही ते पाहू दे सगळ्याइले."

पटाच्या दिवशी जोडी सुटली अन् दोन्ही बाजूनं पब्लिक एका आवाजात ओरडली, "धुऱ्यावर! धुऱ्यावर!" भैय्यालालकाका माईकवर होते. त्याइनं माईक खाली ठेवला. बाबा छकड्यावर असा वाकून उभा होता, धोतर खोसलेलं, दात आवळलेले. अन् दादा, जोडी सरळ गेली. बोटभर हलली नाही. झेंडा ओलांडला तवा ओरडणारेच टाळ्या वाजवून राहिले होते.

पण पुढं बाबाच्यानं जोडी आवरली नाही. हातात तेवढं बळ राहिलं नाही आता. छकडा उसळला अन् तो खाली आला.

आता माहं ऐक. मी तुले लिहिलं होतं का सगळ्या जोड्या पळवून पाह्यल्या. खोटं लिहिलं. बाबाची जोडी मी एकदाच पळवली होती, अन् ती वळली होती. मले वाटलं माहंच बोट चुकलं असंन. पुन्हा पळवून पाहाची हिंमत नाही झाली. पुन्हा वळली असती तं मले थांबा लागलं असतं, अन् मले थांबाचं नव्हतं.

काहून थांबाचं नव्हतं तेही लिहितो. पट, लोक, वाहवा, ते सगळं ठीक आहे. पण मले वाटलं, आपला गेम अर्धाच लोकाइले देल्ला हे कोणाकडून तरी तुह्या कानावर जाईन, तू असा चिडशीन, असा चिडशीन का मले शिव्या द्याले तरी फोन करशीन. दोन वर्ष झाले रे तुहा आवाज ऐकून. तेवढ्यासाठी मी बाबाचं हाड मोडून बसली.

तू ती जोडी मुद्दाम वळवली होती का? एवढं तरी सांग.

रंजू


बपेरा, १४ फेब्रुवारी २०२६

दादा,

बाबाले घरी आणलं. छपरीत बाज टाकली आहे. वाकर घेऊन न्हाणीपर्यंत जाते, मंग दमते. बैलाइचं पाणी-तनस मी अन् आई पाहून राहिलो. बादल माह्या हातचं खाते, लाखा मले फुसफुस करते, बाबाचा आवाज आल्याशिवाय तोंड लावत नाही.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी बाबा म्हणे, "आण तुहा फोन. शिकव मले."

मी म्हटलं, कायले बाबा, राहू दे. तो म्हणे, "माह्या पोरानं माह्यासाठी बनवला होता ना? तुह्या आईनं सांगतलं." मी शिकवलं. आता तो दिवसभर बाजेवर पडून तेच करते. जाड बोटं, चष्मा नाकावर, ओठ पुढं काढलेले. दुसऱ्या कोणाची जोडी घेतच नाही. दर वेळेस शेवटी काकाचा तो आवाज येते अन् आई चुलीपाशी कानावर हात ठेवते.

मी त्याले समजावलं का हे काम अर्धवट राहिलं आहे, दादा पुरं करणार होता.

बाबा म्हणे, "अर्धवट कसं? लाखाचं शिंग बरोबर. बादलच्या कपाळाचा चांद बरोबर. मी ज्या रंगाची झूल घालतो तीच झूल. अन् वळते कुठं, तं जिथं त्यानं वळवली होती तिथंच. हे अर्धवट नाही रंजू. अमर अजून रागात आहे. मी याच्यात रोज पाहून राहिलो, आज तरी राग उतरला का. नाही उतरला."

मले ते सहन नाही झालं. लॅपटॉप पिशवीत टाकला, भंडाऱ्याची एसटी पकडली, अन् तिथून ऑटोनं जवाहरनगरले गुंजनकडे गेली. माह्यासंग कॉलेजात होती ती, बाप फॅक्टरीत आहे, क्वार्टरमध्ये राहते, तुह्यासारखंच काम घरून करते. तिनं तुहं कोड उघडलं अन् चहा निवाच्या आत ती जागा काढली. एकच ओळ, फक्त बाबाच्या जोडीची. मी इचारलं, मुद्दाम टाकली का? ती म्हणे, "तपासून पाहाले पण अशी ओळ टाकतात लोक, काम झालं का काढून टाकतात. रागात पण टाकू शकतात. ओळीवरून माणसाचं मन कसं सांगू मी?" तिनं ती ओळ काढली. नवी फाइल बनवून देल्ली.

घरी येऊन मी बाबाच्या हातात फोन देल्ला. त्यानं जोडी सोडली. लाखा-बादल धावले, झेंडा आला, अन् सरळ पार गेले. बाबानं ती पुन्हा पळवली, पुन्हा सरळ गेली. मंग म्हणे, "हे कोणं केलं?"

माह्या तोंडून निघून गेलं, "दादानं. दादानं दुरुस्त करून पाठोला."

खरं सांगतो, मी असं ठरवून नव्हती गेली. गुंजनचं नाव जिभेवर होतं. पण त्यानं असा तोंडाकडे पाह्यलं का मले ते घेताच नाही आलं. बाबा रडला दादा. आपल्या बाबाले रडताना तू पाह्यलं का कधी? मी तं नाही. आईनं त्या दिवशी वडे तळले, सत्यभामाबाईच्या घरी वाटीभर देऊन आली. "माह्या अमरचा राग गेला," म्हणून.

आता कधी तू बोललाच तं एवढं सांभाळून घे. म्हणजो, हो मीच केलं. एवढंच मागून राहिली.

रंजू


बपेरा, ११ मार्च २०२६

दादा,

या पाकिटात दोन कागद आहेत. हा माहा. दुसरा बाबाचा, त्यानं सांगतला अन् मी लिहिला. त्यातला एक शब्द मी इकडचा तिकडं केला नाही. माहा आधी वाच.

होळीच्या दोन-चार दिवस आधी मी सेंटरवरून घरी आली तं कोठा रिकामा. दोन्ही खुट्टे तसेच, दाव्या नाहीत. मले वाटलं पाणी पाजाले नेले असतीन. आई छपरीत पदर तोंडाले लावून बसली होती. बाबा बाजेवर सरळ बसलेला, जसा काही पाहुणा येणार आहे.

म्हणे, "देऊन टाकले. वारासिवनीकडचा माणूस आहे, चांगला आहे."

किती आले, कसे आले, काही इचारू नको, मीही इचारलं नाही. मी ओरडली. बाबावर पहिल्यांदा ओरडली मी. "काहून बाबा? कोणं सांगतलं होतं तुले?"

तो शांतपणे म्हणे, "अमरनं सांगतलं होतं. एक तं बैल, नाही तं मी. त्यानं आपला राग सोडला, आपल्या हातानं जोडी सरळ केली. आता माही बारी होती ना?"

लाखा जाताना घराजवळच्या धुऱ्यापर्यंत गेला अन् थांबला म्हणे. ओढला तरी हलला नाही. मंग बाबानंच बाजेवरून आवाज देल्ला, "जाय बापा," तवा गेला. हे आईनं सांगतलं.

त्या संध्याकाळी मी बाबाले खरं सांगाले तीनदा उठली. सांगून काय होणार होतं? बैल परत येणार नव्हते. अन् त्याच्याजवळ जे एक राहिलं, तेही गेलं असतं. पण हे मी माह्यासाठी बोलून राहिली, त्याच्यासाठी नाही. मले त्याच्या तोंडावरचं ते समाधान उतरलेलं पाहाची हिंमत नाही, एवढंच खरं आहे. गेमच्या वेळेसही हेच केलं होतं मी.

तू आता म्हणशीन, मी कुठं काही केलं? मी तं पत्राले उत्तरही नाही देल्लं. बरोबर आहे. तू काहीच केलं नाही. सगळं मीच केलं, तुह्या नावानं. आईले तुहा नमस्कार मी सांगतला, बाबाची जोडी मी सरळ केली, अन् त्याचे बैल तुह्या नावानं मीच कोठ्यातून काढले. तुहा राग अजून आहे का गेला, हेही मले माहीत नाही. त्या ओळीचं उत्तर तू अजून देल्लं नाही.

मी तुले ये म्हणत नाही. तेवढं तोंड राहिलं नाही मले. पण ऐक. तू नाही आला, तं पाडव्याले मी बाबाले सगळं सांगून टाकीन. तू आला तरी सांगीन. फरक एवढाच का तवा तू त्याच्याजवळ असशीन.

गेम मी ग्रुपवरून काढला. लोकाइच्या फोनात आहे तो आहे, तो काही आता परत येत नाही.

खाली बाबाचा कागद.

रंजू


अमर,

रंजू लिहून राहिली, मी सांगून राहिलो. तू पाठोलेला गेम भेटला. जोडी सरळ गेली. मी पाह्यलं.

त्या दिवशी लाखा लचकून राहिला होता हे मले त्याचा पाय शेकतानी कळलं होतं. तवाच तुले सांगाले पाह्यजे होतं. नाही सांगतलं. बापाची जीभ लवकर उचलत नाही, तुले पुढं समजीन. तू लहान असून आधी हात पुढं केला. मले लाज वाटली अन् बरंही वाटलं.

बैल देल्ले. ज्याले देल्ले तो पटात नाही पळवणार, मी शब्द घेतला हाय. तू त्याचा इचार करू नको.

कोठा धुऊन घेतला, चुना मारला. मले जास्त वेळ उभं राहता येत नाही म्हणून खुर्चीवर बसून काठीनं दाखवत होतो, इथं मार, तिथं मार. लाइटवाला येऊन गेला. तुह्या मशिनीले लागते म्हणून त्याले जास्तीचे बोर्ड लावाले सांगतले. शेणाचा वास येते अजून, तो उन्हाळ्यात जाईन. टेबल भंडाऱ्याहून आणाचा का इथंच सुताराकडून बनवाचा, ते तू पाह्य. रंजू म्हणते गेमचं अजून लगित काम बाकी हाय. तं इथं बसून कर. कोणी तुले घाई करणार नाही, मी पाहून घेतो.

एकच अडलं हाय. कोठ्याले खिडकी नाही. कोणत्या बाजूले पाडू तेवढं कळव. मिस्त्री दोनदा येऊन गेला, मी त्याले म्हटलं, थांब, पोराचं पत्र येऊ दे.

भोजराज